मुडदुसाच्या आड

मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूण मागे पडलं की वीसेक किलोमीटरवर सावर्डे लागतं. कोकण रेल्वेच्या पाटीवर तेच गाव ‘सावर्डा’ होतं. बाहेरच्या माणसाला हे गाव माहीत असतं ते कातासाठी, गोविंदराव निकमांनी वाढवलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेसाठी, नाहीतर डेरवणची शिवसृष्टी बघायला जाताना इथे वळावं लागतं म्हणून. आसपासच्या वाड्यांतला माणूस मात्र इथे उतरतो तो बहुतेक वेळा केसपेपर काढायला. कासारवाडीतलं वालावलकर रुग्णालय आणि त्याला जोडून २०१५ पासून सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय यांनी चिपळूण, संगमेश्वर, गुहागर या पट्ट्यातल्या आजाऱ्यांची वाट बदलली.

अशा ठिकाणी पाय वाकलेलं, उशिरा चालायला लागलेलं, डुलत डुलत पावलं टाकणारं मूल कडेवर घेऊन कोणी आलं, तर निदान घरूनच ठरून आलेलं असतं. आजीने सांगितलेलं असतं, शेजारणीने दुजोरा दिलेला असतो. मुडदूस. आणि आजी बहुतेक वेळा बरोबर असते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुडदूस आपल्याकडे नवा नाही आणि दुर्मीळ तर मुळीच नाही. पण त्याच्याच आडोशाला काही आनुवंशिक आजार वर्षानुवर्षं राहून गेले. दिसायला तसेच, मुळात वेगळे. त्यांतला सर्वांत चकवा देणारा म्हणजे हायपोफॉस्फेटेशिया. हाडात खनिज भरण्याची क्रियाच जन्मापासून अडलेली असते असा हा आजार. तो ओळखायला लागणारी रक्ततपासणी १९३०च्या दशकापासून दवाखान्यांत आहे, स्वस्त आहे, आज तालुक्याच्या गावीही होते. तरीही तो निसटत राहिला. कसा निसटला, हे समजून घ्यायचं तर मुडदुसापासूनच सुरुवात करावी लागते, आणि ती गोष्ट काही काळ नाशकातून जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुडदूस हा युरोपातल्या धुराड्यांच्या शहरांचा आजार मानला जाई. थिओबाल्ड पाम नावाच्या मिशनरी डॉक्टरने जपानमध्ये काम केलं होतं. इंग्लंडला परतल्यावर तिथल्या मुलांचे वाकडे पाय पाहून त्याला प्रश्न पडला की तिकडे गरिबी एवढी असून हे का दिसत नव्हतं? जपान, चीन, हिंदुस्थानातल्या डॉक्टरांकडून माहिती मागवून त्याने १८९० साली लिहिलं की फरक सूर्यप्रकाशाचा आहे. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आसपास दोन तट पडले. लंडनच्या एडवर्ड मेलनबीने कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून हा आहाराचा दोष आहे असं १९१९च्या सुमारास मांडलं. ग्लासगोचे डॉक्टर कोंडलेलं घर, हालचालीचा अभाव यांना दोष देत होते. त्याच १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीने अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुडदुसाची मुलं बरी करून दाखवली.

या वादात नाशिकने साक्ष दिली. हचिसन आणि शहा या दोघा डॉक्टरांनी तिथल्या मुलांची आणि स्त्रियांची पाहणी केली आणि १९२२ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापले. आहारच सगळ्याचं मूळ असेल, तर मुडदूस गरिबांत जास्त हवा. नाशकात उलटं दिसलं. शेतात, रस्त्यावर राबणाऱ्या, खाण्यापिण्याची ददात असलेल्या हिंदू कुटुंबांत तो जवळपास नव्हता. तो होता खात्यापित्या घरांत, जिथे पडदा पाळला जाई, जिथे लहान वयात लग्न होऊन मुलगी आतल्या खोल्यांत जाई आणि तिचं तान्हं बाळही महिनोन्‌महिने अंधारात राही. दूध-तूप घरात, सूर्य मात्र बाहेर. नाशकाचा जुना वाडा ज्याने आतून पाहिलाय, माजघराच्या पलीकडची ती बाळंतिणीची खोली पाहिलीय, त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पुढे काय झालं ते शाळेच्या पुस्तकातही आलं. अमेरिकेत मॅकॉलमने १९२२ साली कॉड माशाच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा दाखवला, त्याला ‘ड’ जीवनसत्त्व म्हणू लागले. दोन वर्षांत स्टीनबॉकने अन्नावर अतिनील किरण टाकले तरी तोच गुण येतो हे सिद्ध केलं. आहारवाले आणि उन्हवाले असे दोघेही आपापल्या परीने खरे ठरले.

इथे कोकणाविषयी एक गोष्ट बोलायला हवी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्टीत आषाढ-श्रावणात ऊन हा चर्चेचा विषय असतो, अनुभवाचा कमी. पावसाळ्याच्या तोंडावर जन्मलेलं बाळ शेक-शेगडीच्या खोलीतून बाहेर येईतो गणपती येतात. तेल लावून बाळाला ऊन दाखवायची आपल्याकडची रीत चांगलीच आहे, फक्त सकाळी सातच्या कोवळ्या उन्हाचा जो आग्रह धरला जातो त्याला विज्ञानाचा आधार तोकडा आहे. त्वचेत ‘ड’ तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावर, साधारण अकरानंतर जमिनीवर नीट पोचतात. आजीला हे पटवणं डॉक्टरांना आजही जमलेलं नाही.

‘ड’ जीवनसत्त्व हाती आल्यावर मुडदुसाचं निदान आणि उपचार एकमेकांत मिसळून गेले. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या एक पद्धत शिकवली गेली आणि ती तोंडपाठ झाली. मनगटाचा एक्स-रे काढायचा. हाताच्या हाडाचं टोक पेल्यासारखं पसरट आणि कडा कुरतडल्यासारखी दिसली की सहा लाख युनिटचा ‘ड’चा एक मोठा डोस द्यायचा. तीन-चार आठवड्यांनी परत एक्स-रे. हाडाच्या टोकाशी पांढरी रेघ उमटली तर जिंकलो. नाही उमटली तर पुन्हा डोस, पुन्हा एक्स-रे. तरीही रेघ नाही, तर कागदावर ‘रिफ्रॅक्टरी रिकेट्स’, म्हणजे उपचाराला दाद न देणारा मुडदूस, असं लिहायचं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. शंभरातल्या बहुतेकांसाठी ही पद्धत रास्त होती. स्वस्त होती, खेड्यात चालणारी होती. पण तिचा एक तोटा होता. जो आजार ‘ड’च्या अभावाने झालेलाच नाही, त्याचं निदान दोन मोठ्या डोसांनंतर सुरू व्हायचं. आणि हायपोफॉस्फेटेशिया झालेल्या तान्ह्या बाळात हे डोस निव्वळ निरुपयोगी नसतात, घातकही ठरतात. हाड कॅल्शियम घेत नाही, म्हणून ते आधीच रक्तात साचलेलं असतं. वरून ‘ड’ दिलं की आणखी साचतं. उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला इजा.

दाद न देणाऱ्या मुडदुसाची पहिली मोठी फोड बॉस्टनमध्ये झाली. फुलर ऑलब्राइटने १९३७ साली अशा एका मुलाची हकिगत मांडली, ज्याला ‘ड’चे राक्षसी डोस लागत होते. रॉबर्ट विंटर्स आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली एका मोठ्या कुटुंबाचा वंशवृक्ष लावून दाखवलं की रक्तातलं फॉस्फरस कमी राहण्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून पिढी-दर-पिढी येतो. बापाकडून सगळ्या मुलींना, मुलग्यांना मात्र नाही. या आजाराचं जनुक १९९५ साली सापडलं. आज आपल्याकडच्या अस्थिरोगतज्ज्ञाने ‘आनुवंशिक मुडदूस’ म्हटलं तर बहुतेकदा त्याच्या मनात हा आजार असतो. त्यात फॉस्फरस घसरतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वाढतं. या विकराची कथा वेगळी सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन साखरेच्या फॉस्फेट-संयुगांवर काम करत होता. त्याला १९२३ साली उंदरांच्या आणि सशांच्या वाढत्या हाडांत एक विकर सापडलं, जे या संयुगांतून फॉस्फेट सुटं करत होतं. मुडदूस झालेल्या प्राण्याचं हाड त्याने अशा संयुगाच्या द्रावात ठेवलं, तर नेमकं जिथे खनिज भरायला हवं तिथेच कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसला. हाड घट्ट होण्याची किल्ली सापडली असं वाटणं साहजिक होतं. हर्बर्ट के याने १९२९-३०च्या सुमारास हेच विकर रक्तात मोजलं आणि हाडांच्या आजारांत ते वाढतं असं दाखवलं. पुढच्या चार-पाच वर्षांत मोजण्याच्या दोन पद्धती प्रयोगशाळांत रुजल्या, एक ॲरन बोडान्स्कीची आणि दुसरी कॅनडातल्या किंग व आर्मस्ट्राँग यांची, १९३४ सालची.

जुन्या पॅथॉलॉजिस्टांना ‘के. ए. युनिट’ हा शब्द अजून आठवत असेल. परीक्षानळीत रक्ताचं पाणी, त्यात फिनाइल फॉस्फेट, सदतीस अंशांच्या पाण्यात ठरावीक मिनिटं, मग रंग आणणारा रसायन-थेंब, आणि रंगमापकाच्या भिंगातून डोळा लावून दोन रंगांची तुलना. किंग-आर्मस्ट्राँगचा आकडा वेगळा, बोडान्स्कीचा वेगळा. एका दवाखान्यातून दुसरीकडे गेलेल्या आजाऱ्याच्या कागदावर तोच आजार दोन वेगळ्या आकड्यांत. पुढे आंतरराष्ट्रीय एकक आलं, पिवळा रंग देणारं नायट्रोफिनाइल फॉस्फेट आलं, यंत्र आलं. पण इतक्या सगळ्या बदलांत एक सवय बदलली नाही. हा आकडा वाढलाय का, एवढंच बघायची. मुडदुसात वाढतो, काविळीत पित्तमार्ग अडला की वाढतो, हाडात कर्करोग पसरला की वाढतो. विद्यार्थ्याला परीक्षेत विचारलं जाई, ‘कशाकशात वाढतं?’ कशात कमी होतं, हे विचारणारा परीक्षक विरळा.

कमी असण्याची दखल घेतली जॉन कॅम्पबेल रॅथबन या कॅनेडियन बालरोगतज्ज्ञाने. त्याच्याकडे आलेल्या एका तान्ह्या मुलाची हाडं एक्स-रेवर भयंकर मुडदुसासारखी दिसत होती. वजन वाढत नव्हतं, झटके येत होते. मूल दगावलं. अशा मुडदुसात अल्कलाइन फॉस्फेटेज आकाशाला भिडायला हवं होतं, ते जवळजवळ नव्हतंच. रक्तात नाही, हाडातही नाही. रॅथबनने १९४८ साली ‘हायपोफॉस्फेटेशिया, विकासातली एक नवी विकृती’ या अर्थाच्या शीर्षकाने हे छापलं. रॉबिसनने पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलेलं विकर खरोखरच हाडाला लागतं, याचा माणसातला सर्वांत पक्का पुरावा एका मेलेल्या बाळाने दिला.

पण किल्ली नेमकी कोणतं कुलूप उघडते? रॉबिसनची समजूत अशी की विकर फॉस्फेट सुटं करून पुरवतं. मग हायपोफॉस्फेटेशियात रक्तातलं फॉस्फेट कमी असायला हवं होतं. ते व्यवस्थित असतं, कधी कधी जास्तही. उत्तर १९६०च्या दशकात हर्बर्ट फ्लाइश आणि सहकाऱ्यांच्या कामातून आलं. शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा एक पदार्थ असतो, तो खनिजाचे स्फटिक वाढू देत नाही. नको तिथे चुना साचू नये म्हणून ठेवलेला हा पहारेकरी. वाढत्या हाडापाशी अल्कलाइन फॉस्फेटेज त्याला मोडून वाट मोकळी करतं. विकरच नसेल तर पहारेकरी जागचा हलत नाही. कॅल्शियम दाराशी उभं, फॉस्फेट दाराशी उभं, आणि हाड मऊच.

फ्लाइशच्या याच विचारातून पायरोफॉस्फेटशी साम्य असलेली औषधं जन्मली. त्यांना बिसफॉस्फोनेट म्हणतात, आणि आज म्हातारपणी हाडं ठिसूळ झालेल्या लाखो बायका आठवड्याला एक अशी त्यांची गोळी घेतात. आता कल्पना करा, पंचेचाळिशीच्या बाईला पायाच्या हाडात पुन्हा पुन्हा बारीक तडे जातायत, तपासणीत हाडं विरळ दिसली, म्हणून तिला ही गोळी सुरू झाली. तिला हायपोफॉस्फेटेशियाचा सौम्य प्रकार असेल, तर ज्या पहारेकऱ्याने तिचं हाड अडवलंय त्याच्याच जातीचा आणखी एक आणून उभा केला. तडे भरत नाहीत, मांडीच्या हाडाला नवे जातात. या आजाराची प्रौढ रूपं खरं तर लहान मुलांतल्या रूपांपेक्षा जास्त आहेत, आणि त्यांतली किती संधिवात किंवा ‘वयोमानानुसार’ या शब्दाखाली खपून गेली असतील, याचा अंदाज वाचकानेच करावा.

आनुवंशिकतेची बाजू हळूहळू उलगडली. टोरांटोच्या डोनाल्ड फ्रेझरने १९५७ साली तोवरच्या रुग्णांचा आढावा घेऊन वयानुसार प्रकार पाडले आणि तीव्र प्रकार लाखात एका जन्मात आढळत असावा असा हिशेब मांडला. तो हिशेब आजही उद्धृत होतो. जनुकातला दोष १९८८ साली हाती लागला. ते जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. तीव्र प्रकारात आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. आईबाप धडधाकट, फक्त दोघांचंही अल्कलाइन फॉस्फेटेज जरा उतरतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. सौम्य प्रकार एकाच प्रतीवर येऊ शकतो, म्हणून आजोबांचे लवकर पडलेले दात, आईचे तडे आणि नातवाचे पाय एकाच धाग्याने बांधलेले निघतात.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात मेनोनाइट पंथाच्या लोकांत हा तीव्र आजार सुमारे अडीच हजार जन्मांत एक इतका आढळतो आणि पंचविसांत एक जण दोषी प्रत बाळगून असतो. कारण साधं आहे, मोजक्या कुटुंबांपासून वाढलेला समाज, लग्नं आपापसात. हे वाचताना मराठी माणसाला मॅनिटोबा दूर वाटायचं कारण नाही. मामाच्या मुलीशी लग्न ठरवण्याची मराठा आणि इतर काही समाजांतली रीत इरावती कर्व्यांनी १९५३च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात नोंदवली आहे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमधले डॉ. एल. डी. संघवी यांनी सहकाऱ्यांबरोबर मुंबईतल्या बारा अंतर्विवाही गटांत नात्यातल्या लग्नांचं प्रमाण मोजलं आणि ते १९५६ साली प्रसिद्ध केलं. आणि नात्यात लग्न नसलं तरी जातीत, पोटजातीत, पाच-दहा गावांच्या परिघात सोयरीक जुळवण्याची सवय कोकणात अजून पुरती मोडलेली नाही. यातून आजार निर्माण होत नाही, असलेली दोषी प्रत दुसऱ्या दोषी प्रतीला भेटण्याची शक्यता वाढते. हे सांगताना डॉक्टरने कुळाला बोल लावू नये आणि ऐकणाऱ्यानेही सुनेला लावू नये. तीव्र प्रकारात दोष दोन्ही घरांतून आलेला असतो, हे कागदावर स्पष्ट लिहून द्यावं, निदान माहेर-सासरचं भांडण तरी टळतं.

निदानाच्या या इतिहासात दंतवैद्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, हा अन्याय आहे. दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचं मूळ आतल्या आत विरघळून गेलेलं असतं; हातात येतो तो वरचा टोपणासारखा भाग. साधारण सहाव्या वर्षापासून हे सुरू होतं. हायपोफॉस्फेटेशियात दाताला जबड्याशी धरून ठेवणारा सिमेंटमचा थर नीट तयार होत नाही. त्यामुळे पाच वर्षांच्या आत, कधी दोन-तीन वर्षांतच, समोरचे खालचे दात गळतात. दुखत नाही, फारसं रक्त येत नाही, हिरडी सुजलेली नसते. आणि दात लांब असतो, मुळासकट. काही माणसांत आजार एवढ्यावरच थांबतो, हाडं शेवटपर्यंत ठीक राहतात.

आता आपल्याकडे पडलेल्या दाताचं काय होतं ते आठवा. कौलावर फेकायचा, उंदराला सांगायचं की हा घे, तुझा दे. कुठे शेणाच्या गोळ्यात घालून टाकायचा, कुठे तुळशीपाशी पुरायचा. सगळ्या रीती गोड आहेत, मोडू नयेत. पण तिसऱ्या वर्षी पडलेला लांब मुळाचा दात कौलावर गेला की त्या मुलाच्या आजाराचा सर्वांत बोलका पुरावा पावसाने पन्हळीतून वाहून नेला असं समजायचं. ‘पडला असेल कुठे आपटून’ असं म्हणून विषय संपतो. मूल दवाखान्यात पुढे कधी पायासाठी जातं, दाताचं कोणी विचारत नाही आणि घरचेही सांगत नाहीत. पायाच्या डॉक्टरला दाताचं काय सांगायचं?

कोकणातल्या मुलांचा मोठा दवाखाना बराच काळ कोकणात नव्हता, परळला होता. के. ई. एम. १९२६ साली सुरू झालं, मुलांचं वाडिया रुग्णालय १९२९ साली. दोन्ही गिरणगावाच्या कुशीत, आणि गिरणगाव म्हणजे निम्मं कोकण. गावी मूल आजारी पडलं की गोवळकोट नाहीतर दाभोळच्या बंदरातून बोटीने, नंतर एस.टी.ने, ते लालबागच्या चाळीतल्या काकाकडे पोचायचं. काका रात्रपाळी करून सकाळी रांगेत उभा राहायचा. साध्या मुडदुसाला ही वाट परवडण्यासारखी नव्हती आणि गरजही नव्हती. दुर्मीळ आजाराला मात्र एका खेपेत काहीच होत नसे. आज रक्त, पुढच्या महिन्यात एक्स-रे, मग मोठ्या डॉक्टरांचा वार. भातलावणी आली की काका-पुतण्या दोघांचीही फेरी चुकायची. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण धावू लागली आणि त्याच दशकात डेरवणला, म्हणजे कासारवाडीत, वालावलकर रुग्णालय उभं राहिलं, तेव्हा या वाटेचा पहिला टप्पा सावर्ड्यापर्यंत आखूड झाला. पुण्याच्या के. ई. एम.मधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबरोबर डेरवणने कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या वाढीवर दीर्घकाळचा अभ्यासही हाती घेतला. इथल्या मुली, इथली उंची-वजनं, इथलं जेवण. कोकणच्या शरीराचे आकडे कोकणातच मोजले जावेत, ही गोष्ट वाटते तितकी छोटी नाही.

कारण आकडा कोणत्या पट्टीवर ठेवायचा, यावरच हे निदान उभं आहे.

चार वर्षांच्या मुलाचा एक साधा छापील रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. वर ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ असं शीर्षक. बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, आणि चौथ्या-पाचव्या ओळीत अल्कलाइन फॉस्फेटेज : ६०. शेजारी छापलेली मर्यादा : ४० ते १२०. ठळक अक्षर नाही, बाण नाही, तारा नाही. यकृतासाठी ही तपासणी मागवली, यकृत ठीक, कागद फाइलला. पण ती मर्यादा मोठ्या माणसाची आहे. वाढत्या मुलाच्या हाडात हे विकर जोमाने काम करत असतं. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयाने हजारो निरोगी मुलांच्या रक्तावरून ज्या मर्यादा बसवल्या, त्यांत एक ते दहा वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा १४२ ते ३३५ आहे. त्या पट्टीवर ६० म्हणजे निम्म्याहून कमी. विकर हाडाचंही आणि यकृताचंही, जनुक एकच. म्हणून यकृताच्या मथळ्याखाली छापलेली ही ओळ खरं तर हाडाची बातमी देत असते. यंत्र चुकलं नाही, रसायन चुकलं नाही, तंत्रज्ञही नाही. संगणकात मुलाचं वय टाकलं होतं. पट्टी मात्र वयाप्रमाणे बदलायची सोय कोणी केली नव्हती.

याची उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर प्रत्येक कमी आकड्यावर आई-बाप घाबरतील. आकडा खोटा कमी येऊ शकतो. जांभळ्या बुचाच्या नळीत घेतलेलं रक्त या तपासणीला चालत नाही, कारण त्यातलं ईडीटीए हे रसायन विकराला लागणारे जस्त आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतं. तीव्र कुपोषण, जस्ताची कमतरता, थायरॉइड मंदावणं यांतही आकडा उतरतो. म्हणून एकदा कमी आला तर योग्य नळीत पुन्हा तपासायचा, आणि पुन्हा कमीच आला तर मग पुढे. आई-बापांचंही तपासायचं. मग बी-सहा जीवनसत्त्वाचं एक रूप रक्तात मोजायचं, कारण तेही या विकराने मोडायला हवं असतं आणि या आजारात साचतं. रॅथबनच्या बाळाला आलेल्या झटक्यांचाही याच्याशीच संबंध असावा. ते रूप मोडल्याशिवाय मेंदूत शिरत नाही. आणि शेवटी जनुकाची तपासणी, जिचा नमुना कोकणातून मुंबई, बंगळूर किंवा हैदराबादला जातो. एक्स-रे पाहणाऱ्यालाही एक खूण सापडते. हाडाच्या वाढत्या टोकापासून आत घुसलेले जिभेसारखे काळे पट्टे, साध्या मुडदुसात ते दिसत नाहीत.

इतके दिवस डॉक्टर म्हणू शकत, की ओळखून तरी काय करणार. २०१५ साली ती सबब संपली. हरवलेलं विकरच कारखान्यात बनवून, ते हाडाला जाऊन चिकटेल अशी शेपूट जोडून केलेलं ॲस्फोटेज अल्फा हे औषध त्या वर्षी जपान, युरोप आणि अमेरिकेत मंजूर झालं. ज्या बाळांच्या बरगड्या इतक्या मऊ होत्या की श्वास घेता येत नव्हता, त्यांच्या छातीत काही महिन्यांत हाड भरलेलं एक्स-रेवर दिसलं. आठवड्याला तीन ते सहा वेळा कातडीखाली इंजेक्शन, वजन वाढेल तसा डोस वाढता, वर्षानुवर्षं. किंमत सामान्य तर सोडाच, सुखवस्तू घरालाही न झेपणारी.

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्यात आजारांचे तीन गट पाडले आहेत आणि हायपोफॉस्फेटेशियाचं नाव तिसऱ्या गटाच्या ‘ब’ भागात, ड्युशेन स्नायुविकार आणि स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी (एसएमए) यांच्या बरोबर आहे. उपचार फार महाग आणि दीर्घकाळचा अनुभव अजून अपुरा, असे आजार त्या भागात ठेवले आहेत. पुढच्या वर्षी सुधारणा होऊन कोणत्याही गटातल्या रुग्णाला पन्नास लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. या औषधाच्या खर्चापुढे ती रक्कम फार काळ पुरत नाही, हे उघड आहे. पण बी-सहाने थांबणारे झटके, टाळता येणारे ‘ड’चे डोस, न दिलेली बिसफॉस्फोनेटची गोळी आणि पुढच्या बाळंतपणाआधी मिळालेला सल्ला, यांना पन्नास लाख लागत नाहीत. त्यांना लागतं निदान.

मदत मिळते ती केंद्राने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रातून, आणि मुंबईत असं केंद्र परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. पाच वर्षांच्या आत मुळासकट दात पडलेलं मूल घरात असेल, तर तो दात डबीत घालून, जुने सगळे रिपोर्ट बरोबर घेऊन आधी सावर्ड्याला किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे जावं, आणि अल्कलाइन फॉस्फेटेजच्या ओळीपुढची मर्यादा मुलाच्या वयाची आहे का, एवढं विचारावं.